महावितरणची सुरक्षा ठेव: मागणी घरपोच, परतावा अर्ज केल्यावर

दूधवाला पटला नाही तर बदलता येतो, केबलवाला बदलता येतो, गॅसची एजन्सीसुद्धा बदलून मिळते. नाशिकच्या सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या घरगुती ग्राहकाला वीज मात्र महावितरणचीच घ्यावी लागते आणि ती घेताना कंपनीकडे पैसे ठेवावे लागतात. त्या पैशांवर व्याज मिळतं, कधी ना कधी ते परतही मिळतात. म्हणजे नाव काहीही असो, ही ठेवच झाली. मग बँकेची मुदत ठेव पारखतो तशी ती पारखायला हरकत नाही. रक्कम कशी ठरते, व्याज किती, हिशेब दिसतो का आणि मोडायची म्हटली तर हेलपाटे किती?

मुळात ठेव घेतात कशाला, ते आधी बघू. वीज उधारीवर मिळते. महिनाभर आपण वापरतो, मग रीडिंग होतं, बिल निघतं, घरगुती ग्राहकाला ते भरायला साधारण तीन आठवडे मिळतात. नाहीच भरलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नाही. ३० अधिक २१ अधिक १५, आणि मध्ये रीडिंग-छपाईचे चार दिवस. सत्तर दिवसांची वीज बुडीत जाऊ शकते. या हिशेबाने दोन महिन्यांची ठेव मागणं अवाजवी नाही. ‘बोर्ड लुटतंय’ ही ओरड निदान एवढ्यापुरती तरी फोल आहे. (राज्य वीज मंडळाचं, म्हणजे एमएसईबीचं, विभाजन २००५ मध्ये झालं, तरी लोकांच्या तोंडी अजून बोर्डच आहे, आणि बिल्डरच्या कागदावर ‘एमएसईबी चार्जेस’. त्याकडे पुढे येऊच.)

चिडचिड होते ती दुसऱ्याच जागी. ठेव कमी पडली की कंपनीची यंत्रणा आपणहून मागणी काढते. ठेव जास्त झाली की तीच यंत्रणा ग्राहकाच्या अर्जाची वाट पाहते. या सेवेबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका फरकात सापडतं.

रक्कम ठरते ती महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या वीज पुरवठा संहितेनुसार. २०२१ ची संहिता येण्याआधी सरासरी एका महिन्याच्या बिलाएवढी ठेव चालायची. नव्या संहितेने मासिक बिल असलेल्यांसाठी ती सरासरी बिलाच्या दुप्पट केली, आणि शेतीपंपांसारखं तीन महिन्यांनी बिल येणाऱ्यांसाठी सरासरी त्रैमासिक बिलाच्या दीडपट. २०२२ च्या उन्हाळ्यात राज्यभर जो गोंधळ उडाला तो यातूनच. दर वाढला नव्हता, वापर वाढला नव्हता, तरी घराघरांत दुसरं बिल येऊन पडलं. एका महिन्याचं माप दोन महिन्यांचं झालं होतं, इतकंच.

इंदिरानगरमधल्या टू बीएचकेचं उदाहरण घेऊ. घरात एक एसी, एक गिझर. एप्रिलपासून मार्चपर्यंतची बिलं अशी धरा: २,९००, ३,१५०, २,४००, १,५००, १,३५०, १,४००, १,७५०, १,३००, १,१५०, १,२००, १,२५०, १,८५०. बेरीज २१,२००. बाराने भागा, महिन्याची सरासरी १,७६७ रुपये. दुप्पट केली की ३,५३३. कंपनीकडे आधीची ठेव १,५०० असेल तर मागणी येईल २,०३३ रुपयांची. दहा मिनिटांचं काम आहे. मागणीपत्र हातात पडल्यावर सगळ्यात आधी हेच करावं, कारण कागदावर फक्त शेवटचा आकडा ठसठशीत असतो.

बारा बिलं घरात सापडणार नाहीत, तरी अडत नाही. महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर १२ आकडी ग्राहक क्रमांक आणि ४ आकडी बिलिंग युनिट टाकलं की मागची बिलं दिसतात. बेरीज करताना दरेक बिलातली ‘चालू वीज देयक’ ही ओळ घ्यायची. खालची ‘एकूण देय’ घेतली की घोटाळा झालाच, कारण तिच्यात मागची थकबाकी मिसळलेली असते. फेब्रुवारीचं १,२०० चं बिल राहिलं आणि मार्चच्या बिलात चढून आलं, तर एकूण देय बेरजेत धरणाऱ्याच्या हिशेबात ते १,२०० दोनदा येतील आणि सरासरी शंभराने फुगेल.

मागणी खरोखरच चुकीची निघते ती बहुधा एखाद्या बिघडलेल्या बिलामुळे. मीटर बंद पडला, रीडिंग घेणाऱ्याला कुलूप दिसलं, किंवा फोटोत आकडा चुकीचा वाचला गेला, की एखाद्या महिन्याचं बिल भलतंच येतं. १,४०० च्या जागी ९,४०० आलं असं समजा. तक्रार केली, बिल दुरुस्त होऊन आलं (ऑफिसात याला ‘बी-८०’ म्हणतात), सगळे सुखावले. पण ते ९,४०० वार्षिक बेरजेत तसेच राहिले तर सरासरी ६६७ ने वाढते आणि ठेव १,३३३ ने. म्हणून वर्षात कधीही बिल दुरुस्त झालं असेल, तर ठेवीच्या हिशेबात मूळ बिल धरलंय की दुरुस्त झालेलं, हे विचारायचं, आणि लेखी विचारायचं. दुरुस्त बिलाची प्रत सोबत जोडली की वाद लांबत नाही.

आता मागणीपत्राबद्दल. आर्थिक वर्ष संपलं की कंपनी वर्षभराच्या बिलांवरून ठेव नव्याने मोजते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ‘अतिरिक्त सुरक्षा ठेव’ असं स्वतंत्र बिल काढते. म्हणजे नेमकं तेव्हाच, जेव्हा एसी-कूलरमुळे नेहमीचं बिलही वर्षातलं सगळ्यात मोठं असतं. हिशेबाच्या दृष्टीने वेळ बरोबर असेलही, माणसाच्या दृष्टीने याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. बरेच जण हा दुसरा कागद चुकून छापलेला समजतात नाहीतर ‘एक भरलं ना’ म्हणून बाजूला ठेवतात. तसं करू नका. कलम ४७ प्रमाणे नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ही रक्कम भरायची असते आणि न भरल्यास पुरवठा बंद करण्याचा अधिकार कंपनीला त्याच कलमाने दिलाय. नेहमीचं बिल वेळेवर भरलेलं असलं तरीसुद्धा.

एकरकमी जड जात असेल तर सहा समान मासिक हप्त्यांची सोय आहे. वरच्या उदाहरणात महिन्याला ३३९ रुपये. हप्ते हवे आहेत हे मुदत संपायच्या आत महावितरणच्या उपविभाग कार्यालयाला कळवून ठेवलेलं बरं.

भरण्याच्या पद्धतीत एक खड्डा आहे आणि त्यात भरपूर लोक पडतात. फोनमधल्या पेमेंट ॲपवर ग्राहक क्रमांक टाकला की उघडतं ते वीजबिल, ठेवीची मागणी नव्हे. तिथेच २,०३३ जास्तीचे टाकले तर ते पुढच्या बिलाची आगाऊ रक्कम म्हणून जमा होतात. पुढची दोन बिलं शून्याच्या आसपास येतात, माणूस खूश असतो, आणि ठेवीची मागणी तशीच उभी राहते. ठेव भरायची ती महावितरणच्याच संकेतस्थळावर किंवा ॲपवर, सुरक्षा ठेवीचा पर्याय निवडून. किंवा ठेवीचं बिल हातात घेऊन भरणा केंद्रावर. पावतीवर ‘सुरक्षा ठेव’ हे शब्द आहेत का, ते खिडकी सोडायच्या आत बघायचं. रक्कम चुकीच्या खात्यात गेलीच असेल, तर पावतीसह वर्ग करण्याचा अर्ज द्यावा लागतो.

याच दिवसांत ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अमुक नंबरवर फोन करा’ असे मेसेज फिरतात. कंपनीचे एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावात ‘एमएसईडीसीएल’ अशी इंग्रजी अक्षरं असतात, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून ते येत नाहीत. ओटीपी मागणारा, लिंक पाठवून ॲप उतरवायला सांगणारा माणूस ठगच समजावा. खात्री करायची तर १९१२.

व्याजाची बाजू मात्र चांगली आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. कलम ४७ नुसार ठेवीवर निदान रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’इतकं व्याज द्यावंच लागतं. बँक दर म्हणजे रेपो दर नव्हे, तो सध्या रेपोपेक्षा पाव टक्का जास्त असतो. २०२० च्या मेपासून दोन वर्षं तो ४.२५ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.७५ झाला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. २०२५ मध्ये तो पायरीपायरीने उतरला. फेब्रुवारीत ६.५०, एप्रिलमध्ये ६.२५, जूनमध्ये ५.७५, डिसेंबरमध्ये ५.५०. बचत खात्यापेक्षा हे केव्हाही सरस. ३,५३३ रुपयांवर ६.५० टक्क्यांनी वर्षाचे २३० रुपये होतात. महिन्याला चहाच्या दोन कपांचे पैसे, हे खरं. पण ते आपले आहेत.

अडचण अशी की हे व्याज हातात पडत नाही, वर्षातून एकदा बिलातून वजा होऊन येतं. बँकेच्या पासबुकात मुद्दल, दर, दिवस असं ओळीने दिसतं, इथे सगळं एका वजा आकड्यात उरकतं. भरीस भर म्हणजे बिलावर ‘व्याज’ अशी एक ओळ असते, ती थकबाकीवर आपल्याकडून घ्यायच्या व्याजाची. तिचा या व्याजाशी संबंध नाही. आपलं शोधायचं ते समायोजनाच्या ओळीत, उणे चिन्हासह. आर्थिक वर्ष सुरू झाल्यावरची दोन-तीन बिलं नीट चाळली की सापडतं. नाहीच सापडलं तर १९१२ वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यायचा. अर्जात विचारायचं ते असं: ‘मागील आर्थिक वर्षाचे सुरक्षा ठेवीवरील व्याज किती, कोणत्या दराने आणि कोणत्या महिन्याच्या बिलात दिले?’ एवढं मोघमपणा न ठेवता विचारलं की उत्तरही मोघम देता येत नाही.

वर्षाच्या मध्यात भरलेल्या ठेवीवर भरल्या तारखेपासूनच व्याज लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षी आकडा छोटा दिसतो. ती चूक नाही.

व्याज तपासण्याआधी मुद्दल तपासा. बिलाच्या पहिल्या पानावर, ग्राहकाच्या माहितीत, मंजूर भार आणि मीटर क्रमांकाच्या आसपास ‘सुरक्षा ठेव जमा’ अशी बारीक ओळ असते. वीज आकाराच्या आकड्यांवरून लोकांची नजर थेट एकूण रकमेवर जाते, ही ओळ वर्षानुवर्षं वाचली जात नाही. जुन्या नाशकात, गावठाण भागात, मंडळाच्या काळातली कनेक्शनं आहेत, त्यांच्यावर इथे शंभर-दोनशे दिसतात, क्वचित शून्यही. शून्य दिसलं तर ठेव भरलीच नव्हती असं नाही, जुनी नोंद संगणकावर चढताना राहिलेली असू शकते. जुनी कोटेशनची (कनेक्शन घेताना भरलेल्या रकमेची) पावती ट्रंकेत सापडली तर तिची प्रत जोडून नोंद दुरुस्त करून घेता येते. पावती नसेल तर सिद्ध करणं अवघड. शंभर रुपयांसाठी किती झुंजायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, पण दुकानाच्या किंवा गिरणीच्या कनेक्शनवर हीच रक्कम हजारांत असते.

ठेवीचं खरं पाणी जोखायचं तर ती कमी करून मागावी. नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. वार्षिक हिशेबात लागणाऱ्या ठेवीपेक्षा जमा ठेव जास्त भरली, फरक अगदीच किरकोळ नसला, तर जास्तीची रक्कम परत मागता येते आणि ती पुढच्या बिलात वळती करून घ्यायची की वेगळी, हेही निवडता येतं. मेख ‘मागता येते’ या शब्दांत आहे. ठेव ज्याच्या नावाने आहे त्याने विनंती करावी लागते, कलम ४७ चीच भाषा तशी आहे. संगणक तोच, बारा बिलांची बेरीज तीच, बेरीज वर गेली तर बिल छापून दारात आणि खाली आली तर शांतता. कायद्याने विनंतीची अट असली, तरी ‘आपली इतकी ठेव जास्त आहे, परत हवी असल्यास कळवा’ असा एसएमएस पाठवायला कोणी अडवलेलं नाही. बिल तयार झाल्याचा एसएमएस न चुकता येतो तेव्हा हे जास्तच खुपतं.

याचा सगळ्यात मोठा फायदा सध्या छतावर सौर बसवलेल्यांना आहे आणि त्यांनाच तो माहीत नसतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, ते मिळवायला लोक महिनोन्महिने पाठपुरावा करतात. पण गंगापूर रोडवरच्या एखाद्या बंगल्याचं सरासरी बिल ३,००० होतं आणि ठेव ६,००० जमा आहे, असं धरा. सौर लागल्यावर बिल स्थिर आकार आणि थोडंफार मिळून ३०० वर आलं, तर लागणारी ठेव ६००. उरलेले ५,४०० कंपनीकडे पडून. फक्त वेळ पाळावी लागते. सौर ऑक्टोबरात सुरू झालं असेल तर त्या वर्षाच्या सरासरीत सहा महिने जुनी मोठी बिलं मिसळलेली असतात. पूर्ण एक आर्थिक वर्ष सौरवर निघालं की पुढच्या एप्रिलनंतर अर्ज करायचा, तेव्हा आकडा वादापलीकडचा असतो.

मुलं पुण्याला गेली, घरात दोघंच उरले, दुसरा मजला बंद केला, अशा घरांनाही हेच लागू.

स्मार्ट मीटर आला की ठेव सुटेल, हा एक गैरसमज. कायदा म्हणतो की प्रीपेड मीटरवर वीज घेणाऱ्याकडून ठेव मागता येत नाही. सध्या बसत असलेले स्मार्ट टीओडी (वापराच्या वेळेनुसार मोजणारे) मीटर पोस्टपेड आहेत, आधी वापर आणि मग बिल. त्यामुळे ठेव आहे तशीच राहते.

कनेक्शन कायमचं बंद करताना, म्हणजे ‘पीडी’ करताना, पूर्ण ठेव परत मिळते. त्यातून शेवटचं बिल आणि थकबाकी वळती होते. इथे सर्वाधिक रखडपट्टी होते ती कागदांमुळे. अर्ज, शेवटच्या भरलेल्या बिलाची प्रत, ठेव भरल्याची मूळ पावती, ओळखपत्र आणि ज्याच्या नावाने कनेक्शन त्याच्याच खात्याचा रद्द केलेला धनादेश. मूळ पावती हरवलेली असणं हे जवळपास गृहीतच. मग मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र किंवा इंडेम्निटी बाँड (पुढे नुकसान झाल्यास भरून देण्याची लेखी हमी) मागितला जातो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून १०० चा मुद्रांक गेला आणि ५०० चा आला, वर नोटरी आणि टायपिंग. ठेव ८०० ची असेल तर हातात काय उरणार? म्हणून आधी तोंडी विचारावं की बिलावरची ‘सुरक्षा ठेव जमा’ ही छापील ओळ पुरावा म्हणून धरता का. कंपनीच्याच बिलावर कंपनीनेच छापलेली रक्कम आहे, मागणी रास्त आहे. तरी बाँड हवाच असं उत्तर आलं, तर तसं लेखी मागा.

पीडी करताना मीटर काढून नेतात तेव्हा शेवटचं रीडिंग आणि तारीख लिहिलेला कागद घ्यायला विसरू नये, फोटोही काढून ठेवावा. मीटर निघाला पण संगणकावर पीडीची नोंद झाली नाही, तर स्थिर आकाराची बिलं निघत राहतात आणि तीच ठेव कुरतडतात. जागा विकून मोकळ्या झालेल्या माणसाला हे वर्षाने कळतं.

भाडेकरू हा या सगळ्यातला बिचारा. कंपनीच्या लेखी ठेव बिलावरच्या नावाची, भरली कोणी याच्याशी तिला कर्तव्य नाही. सातपूरला किंवा पाथर्डी फाट्यावर अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने एसी लावला, बिल वाढलं, अतिरिक्त ठेव त्याने भरली, घर सोडताना ती गेली मालकाच्या नावे. करारात ‘वीजबिल भाडेकरू भरेल’ एवढंच वाक्य असतं आणि त्यात ठेव येते की नाही यावर पुढे भांडण. एक वाक्य वाढवावं: ‘भाडेकराराच्या काळात भरलेली अतिरिक्त सुरक्षा ठेव भाडेकरू घर सोडताना मालक त्याला परत करेल.’ मालकाचीही बाजू आहे. भाडेकरू तीन महिन्यांचं बिल थकवून गेला तर ठेवीतून वळती होणारी रक्कम मालकाची असते.

नव्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याने ‘एमएसईबी चार्जेस’ या ठोक रकमेची फोड मागावी. ट्रान्सफॉर्मर, केबल, मीटर रूमचा खर्च परत मिळणारा नाही. पण कोटेशनमध्ये ठेवीची ओळ वेगळी असते, ती रक्कम आपल्या खात्यावर जमा दिसायला हवी. ताबा घेताना कोटेशन आणि भरणा पावतीची प्रत मागून घ्या. नंतर बिल्डरचं ऑफिस गाठणं महावितरणचं गाठण्यापेक्षा अवघड असतं. जुना फ्लॅट घेतलात तर नाव बदलताना जुन्या ग्राहकाचं संमतीपत्र घ्या आणि त्यात ठेवही वर्ग करण्यास संमती असल्याचं स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर घर एकाचं, बिल दुसऱ्याच्या नावाचं, ठेव तिसऱ्याच्या वारसांची असं त्रांगडं होतं. वडिलांच्या नावचं कनेक्शन असेल तर नाव बदलून घ्यायचं काम ते गेल्यावर करण्यापेक्षा ते सही करू शकतात तोवर सोपं.

व्यावसायिकांसाठी दोनच गोष्टी. अंबडच्या एखाद्या युनिटचं मासिक बिल लाखाचं असेल तर ठेव २ लाख आणि ६.५० टक्क्यांनी व्याज १३,०००. वर्षाचं व्याज १०,००० च्या वर गेलं की (ही मर्यादा एप्रिल २०२५ पर्यंत ५,००० होती) १० टक्के टीडीएस कापला जातो आणि पॅन नोंदवलेला नसेल तर २० टक्के. पॅन नोंदवा आणि कापलेली रक्कम आयकर खात्याच्या २६एएस या पत्रकात ताडून पाहा. दुसरं, द्राक्षांची शीतगृहं. हंगामी ग्राहक म्हणून नोंद असेल तर सरासरी हंगामातल्या बिलांवरून निघते. चार महिने २ लाखांची आणि आठ महिने २० हजारांची बिलं असतील तर वर्षाच्या सरासरीने ठेव १ लाख ६० हजार, हंगामाच्या सरासरीने ४ लाख. हंगामी सवलत घेताना हा आकडा मांडून बघत जा.

दाद मागायची पायरी ठरलेली आहे. आधी उपविभागात लेखी अर्ज, नाहीतर १९१२ वर तक्रार. तिथे काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. नाशिक परिमंडळासाठीचा मंच नाशकातच आहे, त्यामुळे मुंबईची वारी पडत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. वकील लागत नाही. मंचाचा आदेश पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे. ठेवीचे वाद तिथे तुलनेने सरळ जातात, कारण साक्षीपुरावे नसतात, बारा आकड्यांची बेरीज असते. हरतो तो बहुधा ज्याने सगळं तोंडी केलं.

अर्ज लांबलचक नको. ‘विषय: जादा सुरक्षा ठेव परत मिळण्याबाबत’ असं लिहून खाली ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट. मग मजकूर एवढाच: ‘माझी जमा सुरक्षा ठेव रु. ६,००० आहे. मागील आर्थिक वर्षातील १२ बिलांची बेरीज रु. ३,६०० असून सरासरी मासिक बिल रु. ३०० येते. त्याच्या दुपटीने लागणारी ठेव रु. ६०० आहे. जादा रक्कम रु. ५,४०० माझ्या बँक खात्यात जमा करावी. बारा बिलांचा तक्ता व रद्द धनादेश जोडला आहे.’ बिलात वळती करून हवी असेल तर तसं लिहा, पण सौरवाल्याने ते टाळावं. ३०० रुपयांच्या बिलातून ५,४०० फिटायला दीड वर्ष जाईल. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसती सही घेऊन बाहेर पडू नका, सहीवाल्या साहेबांची बदली झाली की ती कोणाची हे कोणालाच वाचता येत नाही.